न मोजलेलं मीठ

मास्तरांच्या कोटाच्या डाव्या खिशात लिंबू असे, उजव्या खिशात मिठाची पुडी, आणि डाव्या काखेत सरेसाची बाटली. लिंबू आणि मीठ बघून महाडच्या पेठेतल्या बायका त्यांना नजर उतरवणारा समजत. काखेतली बाटली बघून पुरुष भलतंच काही समजत. मास्तरांना या दोन्ही समजांचा पत्ता नव्हता. ते आमच्या इंग्रजी शाळेत सायन्स शिकवत.

सरेस म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला वापरतो तोच, जनावरांची कातडी उकळून काढलेला. गार झाला की तो थिजतो, आणि थिजला की मास्तरांच्या कामाचा नाही. म्हणून तो अंगाच्या उबेत ठेवायचा, हा त्यांचा स्वतःचा शोध. त्या शोधामुळे शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असे. तीन वर्षं तिच्यावर मी बसलो, कारण मी सगळ्यांत नवा होतो आणि खुर्च्या मोजक्या होत्या. मी संस्कृत शिकवायचो, म्हणून ते मला 'शास्त्रीबुवा' म्हणत. मी शास्त्री नव्हतो, आणि तिशीही न गाठलेल्या माणसाला बुवा म्हणणं हा अन्यायच होता. पण मास्तरांच्या डोक्यात एखादी गोष्ट चिकटली की ती सुटत नसे.

त्यांना खरं म्हणजे एकच प्रयोग येत होता. बाकी सगळं सायन्स ते पुस्तकातून वाचून दाखवत, तेही घाईघाईने, जेवायच्या आधी हातपाय धुवावेत तसं. मग तास संपायला दहा मिनिटं उरली की प्रयोग. एका काचेच्या पेल्यात डिंकाचं पाणी, दुसऱ्यात सरेसाचं. दोन्ही इतकी निवळ की पलीकडचं वर्तमानपत्र वाचावं. दोन्ही एकत्र ओतली तरी निवळच. मग मास्तर लिंबू कापून पाच-सहा थेंब पिळत, आणि पेला दुधासारखा पांढरा होई. मुलं 'ओऽ' करत. मग मिठाची पुडी. तोलून ठेवलेलं मीठ पेल्यात पडे, मास्तर काचेच्या कांडीने ढवळत, आणि दूध नाहीसं होऊन पुन्हा पाणी. सहावी झाली तरी हाच प्रयोग, सातवी झाली तरी हाच. मॅट्रिकला बसणाऱ्या एका मुलाने भूमितीच्या पेपरात तो लिहून ठेवला होता.

"भार, शास्त्रीबुवा, भार!" हे त्यांचं पालुपद. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे डिंक म्हणजे लांबच लांब माळ, आणि तिच्या मण्यांवर ऋण भार. सरेस हीसुद्धा माळच, पण तिचे मणी वेगळे, त्यांना ते अमिनो आम्लं म्हणत. त्यांतल्या काहींवर ऋण भार, काहींवर धन. लिंबू पडलं की सरेसाचा ऋण भार झाकला जातो, उरतो धन. मग धन ऋणाला मिठी मारतं, दोन्ही माळांचा एकमेकींत गुंता होतो आणि साका धरतो. मीठ टाकलं की मिठाचे बारके भारवाले कण दोघींच्या मध्ये घुसतात आणि मिठी सुटते. "मेळ्यात नवरा-बायकोच्या मध्ये चार पोलीस उभे केल्यासारखं," असं ते म्हणत. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं.

ते का झालं नव्हतं, हेही सांगून टाकतो. मास्तर एकदा दासगावला मुलगी बघायला गेले होते. मुलीने पोहे आणले. पोहे उत्तम होते, असं त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी विचारलं, "यात मीठ किती घातलंत?" मुलगी लाजून म्हणाली, "अंदाजानं." मास्तरांनी बशी खाली ठेवली, तिच्या वडिलांना नमस्कार केला आणि पडशी उचलून निघाले. "अंदाजाने मीठ टाकणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे रोज नवा प्रयोग, शास्त्रीबुवा, आणि एकाचीही नोंद नाही!" त्या मुलीचं पुढे चांगल्या घरी लग्न झालं. मला तर वाटतं, दासगावच्या ग्रामदेवतेने तिच्यावर कृपाच केली.

स्वतःच्या आमटीतलं मीठ ते सोनाराच्या काट्यावर गुंजांत तोलत. घरमालकाने त्यांना दोनदा बिऱ्हाड सोडायला सांगितलं, पण आमटीसाठी नव्हे. सोवळ्यातल्या विहिरीशेजारी चुलीवर कातड्याचा सरेस उकळत होता म्हणून. दुसऱ्यांदा मास्तरांनी त्याला समजावलं की सरेस आणि आपल्या अंगावरचं कातडं यांत काही फरक नाही, दोन्हींचे मणी तेच. तेव्हा तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. सामान आपोआप रस्त्यावर आलं.

मास्तर मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजात शिकले होते आणि तिथून एम.एस्सी. पुरी न करता परत आले होते. कारण भांडण. त्यांच्या प्राध्यापकांचं म्हणणं, लांब माळ वगैरे काही नसते, बारक्या कणांचा पुंजका असतो. मास्तर म्हणत, माळच असते. प्राध्यापक म्हणाले, तसं लिहा की पुंजका असतो, आणि पदवी घेऊन जा. मास्तरांनी लिहिलं नाही. हे ते अभिमानाने सांगत, आणि आम्ही शिक्षक मंडळी त्यांच्या माघारी पोट धरून हसत असू, कारण पुंजका की माळ यावरून कुणी आयुष्य वाया घालवतो ही कल्पनाच आम्हांला पेलत नव्हती. आमच्यापैकी प्रत्येकाने कुठे ना कुठे 'पुंजका' लिहून दिलेलाच होता.

एवढं असूनही माणूस निरुपद्रवी वाटला असता, पण त्यांना आपला सिद्धांत सगळीकडे लावायची खोड होती. सुटा मणी डिंकाच्या पाण्यात टाकला तर काही होत नाही, म्हणत. तोच मणी माळेत आला की साका धरतो. "आपल्या शाळा समितीचंच बघा. एकेकटा सभासद घ्या, किती गोड! सगळे एका माळेत ओवा, की पाणी गढूळ." हे वाक्य तिसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांपर्यंत पोचलं. चवदार तळ्याचं प्रकरण होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. माणसांनी ओंजळभर पाणी प्यायलं म्हणून गावातल्या मंडळींनी घागरींनी दूध, दही, गोमूत्र ओतून तळं शुद्ध करून घेतलं होतं. त्याबद्दल चारचौघांत बोलायचं नाही, असा आमच्यात एक न ठरवता ठरलेला नियम होता. मास्तर भर तासाला मुलांना म्हणाले, "निवळ पाण्यात दूध घातलं तर ते काय होतं? गढूळ. यालाच आपल्या गावात शुद्ध म्हणतात." हेही अध्यक्षांपर्यंत पोचलं. पोचवण्याचं काम कोण करत होतं ते मी इथे सांगत नाही. पुढे कळेलच.

आता शिपायाची गोष्ट. आमच्या शाळेचा शिपाई तुका पोलादपूरच्या पलीकडचा, उमरठकडच्या डोंगरातल्या एका वाडीचा. प्रयोगाला पाणी आणून देणं, पेले विसळणं हे काम त्याचं. पाणी पांढरं होताना आणि पुन्हा निवळताना त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. मास्तरांचं भाराचं प्रवचनही त्याने शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि त्यातून एकच निष्कर्ष काढला होता: मास्तर मोठे जाणते, म्हणजे मंत्र जाणणारे भगत आहेत, फक्त ते कबूल करत नाहीत.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर तो मास्तरांपुढे येऊन उभा राहिला. "मास्तर, माज्या बहिनीचं काय तरी करा."

"काय झालं?"

"सासरी म्हशीचं दूध नासतंय. रोज. चुलीवर ठेवलं का फाटतंय. धार काढते ती, म्हून नाव तिच्यावर आलं. तिची नजर वाईट हाय म्हंतात. दिरानं तिच्या नवऱ्याला मुंबयला कागद धाडायचा ठरवलाय, हिला सोड नि दुसरी कर म्हून. गावकीपन तेच म्हंतेय."

मास्तरांनी चष्मा पुसला. मला वाटलं आता हा माणूस अंधश्रद्धेवर बोलणार. ते म्हणाले, "तुझ्या वाडीकडे खैर आहेत का रे?"

"रग्गड हायत."

"डिंक?"

"पायलीभर निघंल."

"मग जाऊ," मास्तर म्हणाले.

त्या बाईसाठी ते गेले असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ते डिंकासाठी गेले. मी गेलो तो केवळ गंमत बघायला.

सर्व्हिस मोटारीने पोलादपूर, पुढे पायी. तुकाच्या डोक्यावर काचसामानाची पेटी, मास्तरांच्या काखेत बाटली, माझ्या हातात छत्री. वैशाखाचं ऊन. वाटेत एका आंब्याखाली कैऱ्या पडलेल्या होत्या. मास्तरांनी खिशातला चाकू काढला, मिठाची पुडी सोडली, आणि आम्ही दोघांनी बसून कैऱ्या खाल्ल्या. निम्म्याहून जास्त मीच खाल्ल्या असतील. तुका लांब बसला होता. जाणत्याच्या पुडीतलं मीठ खायचा त्याला धीर झाला नाही.

वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं, आणि घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत. अंगणात सगळे जमलेलेच होते. थोरला दीर, सासू, थोरली जाऊ, गावकीचे चार म्हातारे, आणि बाकीचं गाव. तुकाची बहीण भागी पडवीच्या खांबाजवळ उभी होती. वय पंचवीस-सव्वीस. पोरबाळ नव्हतं, म्हणजे घराबाहेर काढायला सोपी. तिने आम्हांला नमस्कार केला नाही. पोलिसाकडे बघावं तसं तिने मास्तरांकडे बघितलं.

मास्तरांनी दुधाचं भांडं मागितलं. पितळेची चरवी आली. त्यांनी ती उन्हात धरली, नाकाशी नेली, आणि सगळ्यांसमोर आत बोट फिरवून चाटलं. बायकांनी तोंडाला पदर लावला.

"आंबट आहे," मास्तर म्हणाले. "कोकमाने घासता का?"

"मंग?" थोरली जाऊ म्हणाली. "पितळ काय राखंनं निघतंय?"

"घासल्यावर विसळता किती पाण्याने?"

"पानी?" जाऊ ठसक्यात म्हणाली. "चैत सरला का झरा आटतो. पार खालून वढ्यावरनं दोन हंडे येतात. त्यात पियाचं, त्यात रांधायचं. विसळत बसू काय?"

"मग झालं!" मास्तरांनी टाळी वाजवली. "कोकमाचं आम्ल भांड्यात राहतं. दूध त्याच्यावर पडतं. तापवलं की फाटतं. म्हैस काढणाऱ्याचा काही संबंध नाही, भांडं घासणाऱ्याचा आहे."

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसांच्या गावात संपलीही असती. पण तसं गाव मी अजून पाहिलेलं नाही. गावकीतला सगळ्यांत म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, हलकेच म्हणाला, "मास्तर, तुमी लांबनं आलाव, पावनं हाव. घरातल्या थोरल्या सुनंला गलिच्छ म्हनू नका. ह्या घरात तिचा शब्द चालतो. तुका सांगत व्हता, तुमचं पान्याचं काय तरी हाय. ते करा."

"तेच करतो," मास्तर म्हणाले. "आंबटाने काय होतं ते डोळ्यांनी बघा."

पेले निघाले. पडवीच्या कट्ट्यावर मांडले गेले. मास्तर पाठमोरे होऊन लिंबू चाचपत होते, आणि इकडे त्या म्हाताऱ्याने गावाकडे तोंड करून सांगितलं, "आयका रं. पानी पांढरं झालं तं बाईत खोट हाय. निवळ ऱ्हायलं तं नाय." मास्तरांनी ते ऐकलं नाही. मी ऐकलं. त्याच क्षणी त्यांना थांबवायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण आता मजा येणार, असं मला वाटलं आणि मी गप्प बसलो.

डिंकाचं पाणी सरेसाच्या पाण्यात गेलं. निवळ. लिंबाचे सहा थेंब पडले. पांढरं.

मग सासूने कपाळावर हात मारला. "आता कुनाला सांगू गो बाय, घरातच हाय तं!" दीर म्हणाला, "झालं. उद्या सदू मुंबयला चाललाय, त्याच्या हातीं कागद देतो." भागी खांबाला धरून खाली बसली. तुका माझ्याकडे बघायला लागला.

आणि मास्तर? मास्तर खूष होते. इतका दाट साका त्यांना शाळेत कधी मिळाला नव्हता. पेला उन्हात धरून त्यांनी व्याख्यान सुरू केलं. माळ, मणी, धन, ऋण, मिठी. मुंबईचे प्राध्यापक कसे चुकले. इकडे एका बाईचा संसार मोडत होता आणि हे गृहस्थ तिच्या सासूला सांगत होते की पुंजक्याची कल्पना आता युरोपातही मागे पडत चालली आहे. शेवटी मी त्यांचा कोट ओढला. "मास्तर, मीठ! मीठ टाका!"

त्यांनी उजव्या खिशात हात घातला. पुडीचा कागद बाहेर आला. नुसता कागद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "कैऱ्या," मास्तर म्हणाले.

मग गावाकडे वळून, "चार गुंजा मीठ आहे का कुणाकडे? बारीक केलेलं?"

कोण देणार? ज्या घरात चेटूक सिद्ध झालं त्या अंगणात कोण मीठ आणून देणार? जाऊ म्हणाली, "आमच्या घरातलं नाय मिळायचं."

तेव्हा भागी उठली. कुणाला काही न विचारता घरात गेली आणि बाहेर आली ती मूठ आवळून. कट्ट्याशी येऊन उभी राहिली. मास्तरांशी नाही, सासूशी बोलली.

"आत्याबाई, बारा वर्सं झाली. ह्या घरातल्या समद्यांनी माज्या हातचं मीठ खाल्लंय. तुमी खाल्लंय, भावजींनी खाल्लंय. आज हे पान्यात टाकते. मी खोटी आसंन तं पांढरंच ऱ्हाऊं दे."

आणि मूठ पेल्यावर उघडली.

"अहो बाई, मोजून!" मास्तर किंचाळले. "मोजून टाका!"

तिने पेल्यात बोटं घालून ढवळलं. खड्याचं मीठ ते, लवकर विरघळेना. ती ढवळत राहिली. सगळं गाव वाकून बघत होतं, मी सुद्धा, आणि माझ्या मनातली मजा कुठल्या कुठे पळाली होती. न तोललेल्या मिठाने काय होतं ते मला ठाऊक नव्हतं आणि मास्तरांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ठाऊक नव्हतं. आधी कडेने पांढरेपणा विरळ झाला. मग तिची बोटं दिसायला लागली. मग पेल्याच्या तळाशी उरलेले मिठाचे खडे दिसले.

"निवळ," म्हातारा म्हणाला.

"निवळ," गाव म्हणालं.

सासू रडायला लागली. दीर जमिनीकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊं दे कागद." सगळं एका क्षणात सरळ झालं होतं, आणि त्याच क्षणी मास्तर हात वर करून ओरडायला लागले, "नाही, नाही! पाणी निवळण्याचा आणि बाईंच्या निर्दोषपणाचा काही संबंध नाही! कुणीही मीठ टाकलं असतं तरी—"

मी झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला आणि गावाला सांगितलं, "मास्तरांच्या अंगात आलंय. आता त्यांना बोलू द्यायचं नाही." लोकांनी हात जोडून वाट करून दिली. तोंड दाबलेले, पाय झाडणारे, काखेत बाटली घट्ट धरलेले मास्तर मी वाडीच्या वेशीबाहेर ओढत नेले. आयुष्यात मी एवढं एकच चांगलं काम तातडीने केलं आहे.

पोलादपूरला मोटारीत बसल्यावर मास्तर म्हणाले, "किती होतं ते मीठ?"

"मूठभर."

"मूठ हे माप नव्हे." थोड्या वेळाने, "आणि तुम्ही मला भगत केलंत. मी पुंजका लिहिला नाही, शास्त्रीबुवा. पदवी सोडली. आणि तुम्ही मला एका दुपारीत भगत केलंत." डिंक आणायचाही राहिला होता, याची आठवण त्यांना महाडला उतरल्यावर झाली. मग ते आणखी चिडले.

पुढे तुकाने बातमी आणली की दूध नासत नाही. थोरल्या जावेने त्या दिवसापासून चरवी दोनदा विसळायला सुरुवात केली होती. कुणाला काही न बोलता.

आता माझ्या नकलेबद्दल. मला लहानपणापासून नकला बऱ्या जमतात. ही गोष्ट मी पहिल्यांदा न्हाव्याकडे सांगितली, दुसऱ्यांदा पेठेतल्या चहावाल्याकडे, आणि मग सांगतच राहिलो. काखेत तांब्या धरून मास्तर करायचो, पदर घेऊन सासू करायचो. लोक डोळे पुसत हसायचे. तिसऱ्या की चौथ्या खेपेला ऐकणाऱ्यांत समितीचे अध्यक्ष होते. तेही हसले, सगळ्यांत जास्त.

अध्यक्ष वकील होते आणि सुधारक होते. त्यांच्या सुधारणेचा बराचसा भाग कागदावर असे. मोठा खटला असला की त्यांच्या घरच्या उंबऱ्यावर लिंबू-मिरची दिसे, पण ते बायकोचं खातं. त्यांनी समिती बोलावली आणि मास्तरांनाही समोर बसवलं. सभेचं इतिवृत्त लिहायला मी बसलो होतो. अध्यक्ष म्हणाले, आपल्या शाळेचा सायन्स मास्तर खेड्यात जाऊन चेटकिणी तपासतो, हा शाळेला कलंक आहे. पण समितीला मास्तरांचं वाईट करायचं नाही. त्यांनी एका कागदावर सही करावी, म्हणजे प्रकरण मिटलं. एक प्रत वर्तमानपत्राला जाईल, एक त्या गावच्या पाटलाकडे, तो गावकीसमोर वाचून दाखवील. कागदावर एकच वाक्य होतं: 'पेल्यातील पाणी निवळण्याचा व सदर बाईच्या निर्दोषपणाचा काहीही संबंध नाही.'

मला सुटल्यासारखं झालं. हे तर मास्तर त्या अंगणात स्वतःच ओरडत होते. वाक्य खरं होतं, शास्त्रीय होतं, त्यांच्याच तोंडचं होतं. मी दौत त्यांच्याकडे सरकवली.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. "पाटील गावकीसमोर वाचणार?"

"अर्थात," अध्यक्ष म्हणाले. "लोकशिक्षण."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सही करता येत नाही."

"का?"

"मीठ मोजलेलं नव्हतं."

"अहो, मिठाचा इथे काय संबंध?"

"तेच मला सांगता येत नाही. बाईंनी मूठभर टाकलं. मूठ हे माप नव्हे. न मोजलेल्या प्रयोगावर मी सही करत नाही." एवढं बोलून त्यांनी कागद उलटा करून ठेवला. समितीने त्यांना तासभर समजावलं, दरडावलं, नोकरीची आठवण करून दिली. ते प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणाले. एक सभासद माझ्याकडे वाकून कुजबुजला, "चक्रम आहे." मी मान डोलावली आणि इतिवृत्तात लिहिलं: 'मास्तरांनी असंबद्ध उत्तरे दिली.' महिनाअखेर त्यांना काढलं.

जायच्या दिवशी मी मोटारीवर पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक काचसामानाची पेटी, काखेत बाटली. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. मास्तर मोटारीत चढले, खिडकीतून वाकले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही माझी नक्कल चांगली करता असं ऐकलं. पण बाटली तुम्ही उजव्या काखेत धरता म्हणे. ती डाव्या काखेत असते." मोटार सुटली. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

दिवाळीनंतर एका दुपारी शाळेच्या पायरीशी भागी आली. डोंगर उतरून, पोलादपूरपासूनही पायीच आली होती. पदराच्या टोकाला गाठोडं.

"मास्तर हायत?"

"गेले."

"तुका बोलला. कागदावर सही केली नाय म्हून घालवलं म्हनं." तिने पदराचं गाठोडं सावरलं. "सही केली आसती तं मला घालवलं आसतं." हे तिने हिशेब सांगावा तसं सांगितलं, रडली वगैरे नाही. मग विचारलं, "पन ही गोठ गावात सांगितली कुनी?"

मी तिच्याकडे बघितलं. "कोण जाणे," मी म्हणालो. "बाजार आहे. लोक बोलतात."

"बोलतात खरं," ती म्हणाली. "तुमी व्हतात तितं. तुमीच त्यांना धरून नेलात, न्हायतर त्या दिसालाच सारं फिसकटलं आसतं. तुमीबी देवमानूस." तिने गाठोडं सोडून माझ्यापुढे धरलं. खैराचा डिंक होता, स्वच्छ, निवडलेला, तांबूस. "त्यांच्यासाठी येचला व्हता. ते नाय तं तुमी घ्या."

मी नको म्हणालो नाही. घरी नेला. बायकोने त्याचे लाडू केले. डिंक चोख होता, तुपात छान फुलला. थंडीभर रोज एक याप्रमाणे ते मी संपवले.